टोळीला मिळालेल्या दोन जागा

द्रोणागिरीच्या गोदामात आमची कन्व्हेयर लाइन चाचणीला पास झाली, तेव्हा नारळ फोडायला हमालांच्या मुकादमालाच पुढे केलं. सकाळपासून त्याच्याच टोळीनं चाचणीची पोती पट्ट्यावर टाकली होती, आणि तीही हौसेनं. मशीन सुरू झालं की चालवायला आपल्यालाच घेणार, असं ती माणसं धरून बसली होती. त्यांच्या डोक्यात हे कुणी भरवलं, देव जाणे!

मी या कामाची प्रोजेक्ट मॅनेजर. सानपाड्याहून रोज साइटवर जायची. ऑफिसात माझी ख्याती फटकळ बाई अशी, आणि ती खोटी नाही. ट्रक लागला की पोती पट्ट्यावरून आपोआप आत जाऊन आपापल्या रॅकला लागणार, असं आमचं डिझाइन. म्हणजे टोळीचं काम संपणार, हे उघडच होतं.

टोळी सगळी एकाच गावची. जमिनी गेल्या, मिठागरं गेली, मग ही हमाली आली. त्यांची एक रीत होती. जे मिळेल ते सगळ्यांत सारखं. एखाद्याची कंबर धरली, तो घरी पडून राहिला, तरी त्याचा वाटा मुकादम त्याच्या घरी पोचवायचा.

नारळ फुटला आणि टोळीनं स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले. माझ्या वाटचा पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला. तशीच उठून गोदामाच्या मालकांच्या ऑफिसात गेले.

"मॅडम, तुमचं काम लाइन उभी करणं," तिथले साहेब म्हणाले. "माणसांचं आम्ही बघू."

"काय बघणार? घरी बसवणार, एवढंच ना?"

आवाज चढलाच माझा. बऱ्याच वादावादीनंतर त्यांनी ऑपरेटरच्या दोन जागा कबूल केल्या. दोन तर दोन! मी धावत येऊन मुकादमाला सांगितलं. तो टोळीत जाऊन बसला, बोलला आणि परत आला.

"दोन जागा ना, बाय? चालंल. आमी पाल्या लावू. या महिन्याला दोघं, फुडच्या महिन्याला दुसरं दोघं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांना शिकवायची माझी तयारी होती. साहेब मात्र हे ऐकून हसतच सुटले. कार्डावर फोटो एकाचा, गेटवर अंगठा एकाचा, पाळ्या कसल्या लावताय? टोळीला नोकरी देत नाही कुणी, म्हणाले. मी भांडले, हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

दोघंच कायमचे आत आणि बाकीचे घरी, हे टोळीला मान्य नव्हतं. ती सामान आवरू लागली, तेव्हा मला रडू यायच्या ऐवजी मुकादमाचाच राग आला. "काका, हा कसला हट्ट? निदान तुम्ही तरी एक जागा घ्या. तुमच्या घरची चूल तरी पेटेल!"

तो चिडला नाही. डोक्याचं फडकं सोडून त्यानं खांद्यावर टाकलं.

"बाय, माझा घर गावाच्या पार टोकाला हाय. सकाली मी यकटाच डबा घेऊन निंगालो, तं या सगल्यांच्या दारावरनं जावा लागल. दारात बसलेला मानूस इचारल, कुठं चाललास? त्याला मी काय सांगू?"