तांब्याची नळी आणि सखूबाईची चूल

“धोंडिबा, ती सळई खाली ठेव. आपटू नकोस. हळूच ठेव.”

खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात मी उभा होतो. समोर बंगल्याचा माळी धोंडिबा उकिडवा बसला होता. मांडीवर हातभर लांबीची तांब्याची नळी, आणि हातातल्या लोखंडी सळईनं तो ती आतून खरवडत होता. मला पाहून तो हसला.

“या की सायब. तुमी येस्तवर साफ करून ठिवतो म्हनलं. आता उनात वाळवतो, मंग जरा ठोकून सरळ करतो.”

“ठेव म्हणतो ना!”

माझा आवाज मुळातच मोठा. त्यात मी घाबरलेलो. धोंडिबानं सळई ठेवली आणि तोंड फुगवलं. मी नळी अलगद उचलली. आत विटकरी रंगाचा थर दिसत होता. थर ओला होता. नशीब म्हणायचं! बागेच्या पाण्याचा हौद शेजारीच होता. नळी त्यात बुडवली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मी केमिस्ट. घरगुती गॅसचे दिवे विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीत नोकरीला होतो. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. घाटाच्या कडेवरच्या बंगल्यांपर्यंत विजेच्या तारा अजून पोचल्या नव्हत्या. मुंबईच्या शेठलोकांना तर हवा खायला येऊनही दिवाणखाना लखलखता हवा असे. मग आमची कंपनी बंगल्यामागच्या खोलीत एक प्लँट बसवून द्यायची. प्लँट म्हणजे नुसती लोखंडी टाकी. त्यात कार्बाइडचे खडे टाकायचे. चुना आणि कोळसा भयंकर उष्णतेत एकत्र वितळवून हे खडे करतात. त्यावर थेंब थेंब पाणी सोडलं की ॲसिटिलीन नावाचा गॅस निघतो. नळीतून तो घरात न्यायचा आणि बर्नरला पेटवायचा. उजेड असा, की सुईत दोरा ओवावा. टाकीच्या तळाशी शेवटी चुन्याचा पांढरा राबडा उरतो. माझं काम हे प्लँट तपासत हिंडायचं. राहायला लोणावळ्यात खोली, आणि नाव पडलेलं ‘ग्यासवाले साहेब’.

या बंगल्याचे शेठ नवरात्रासाठी आईला घेऊन दुसऱ्याच दिवशी येणार होते. म्हातारीची नजर अधू. बंगल्यात अंधार दिसला तर माळ्यानं चंबूगबाळं उचलावं, असा निरोप आधीच आलेला. आणि नेमका दिवा मंदावला होता. धोंडिबानं मला बोलावणं पाठवलं, पण त्याला धीर निघाला नाही. त्यानं स्वतःच नळी सोडवली.

“ही तांब्याची कोणी बसवली?” मी विचारलं. “आम्ही लोखंडाची दिली होती.”

“हितं लोखंड टिकतंय व्हय सायब? पावसानं चाळन झाली तिची. मी तळेगावच्या तांबटाकडनं ही करून आनली. तांब्याला काय व्हतंय? देवाचं पानी बी आमी तांब्यातच ठिवतो.”

एका परीनं त्याचं खरं होतं. लोणावळा-खंडाळ्याच्या पावसात लोखंडाचा काय टिकाव लागणार! तांबं गंजत नाही, शुद्ध असतं, चार पिढ्या चालतं. देवाच्या पाण्याला म्हणाल तर याहून चांगला धातू नाही. पण ॲसिटिलीनला नाही चालत. का, ते थोडक्यात सांगतो.

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणू एकमेकांचे हात धरून राहतात. हे हात म्हणजे अणूंच्या बाहेरच्या अंगाला फिरणारे इलेक्ट्रॉन. दोन अणू त्यांत भागी करतात, तीच त्यांची जोडणी. कार्बनच्या अणूला असे चार हात, हायड्रोजनला एक. एका कार्बननं चार हातांनी चार हायड्रोजन धरले की झाला दलदलीतून बुडबुडत निघणारा गॅस, मिथेन. तो स्वभावानं गरीब. सगळे हात ऐसपैस पसरलेले, ताण नाही. ॲसिटिलीनचं मात्र वेगळं. त्यात दोन कार्बन. दोघांनी तीन-तीन हात एकमेकांत घट्ट गुंतवलेले. उरलेल्या एकेका हातात एकेक हायड्रोजन. तीन हातांच्या या मिठीत सगळा जोर कोंडलेला असतो, म्हणूनच तो एवढा प्रखर जळतो. ओलसर ॲसिटिलीन महिनोन्महिने तांब्यावरून वाहत राहिला, की तांबं हायड्रोजनला बाजूला सारून त्याच्या जागी येऊन बसतं. तयार होते विटकरी भुकटी. ओली असते तोवर ती बरीचशी थंड. एकदा का वाळली, की घासा, ठोका, तापवा, काहीही निमित्त पुरतं. स्फोट होतो.

धोंडिबा नळी वाळवून ठोकणार होता.

तो अजून रुसूनच बसला होता. मी जमिनीकडे पाहिलं. सळईच्या टोकाला तांबडा रंग दिसत होता, पण भुकटी कुठेच नव्हती.

“आतून निघालेलं कुठाय रे?”

“सकाळीच काडलं की. करवंटीच्या बुडाशी बसंल यवडं निघालं.”

“टाकलंस कुठं?”

“टाकतो कशाला? कारभारनीला दिलं. लय झ्याक गेरू हाय म्हनली. नवरात्र आलं न्हवं, चूल सारवायला काडलीती तिनं. लावला आसंल.”

यात वेडेपणा काही नव्हता हो! टाकीतून निघणारा पांढरा राबडा त्याची बायको सखूबाई वर्षानुवर्षं भिंतींना फासत आली होती. त्या चुन्यासारखा चुना बाजारात मिळत नाही, असं मीच तिला कौतुकानं सांगितलेलं. ज्या यंत्रातून पांढरं निघतं त्यातूनच एक दिवस तांबडं निघालं. त्यात तिला वावगं का वाटावं?

आणि मग मला आठवलं. फाटकातून आत शिरताना सखूबाईनं दारातून हाक दिली होती, “च्या ठिवते सायब,” आणि मी मान हलवली होती.

मी धावलो. धोतराचा सोगा तोंडात धरून धावणारा केमिस्ट त्या बंगल्यानं आधी पाहिला नसावा. “सखूबाई, चहा नको! चहा नको मला!”

“आसं कसं? घोटभर तरी घ्या की!” आतून उत्तर आलं.

खोलीत पोचलो तर समोरच चूल. नुकतीच सारवलेली. तोंडाभोवती आणि भांडं टेकायच्या उंचवट्यांवर तांबडा पट्टा ओढलेला. पट्ट्याची वरची कड वाळून फिकट झाली होती. आत काटक्या रचलेल्या. आणि सखूबाई चिमट्यात गोवरीचा पेटता निखारा धरून वाकत होती.

“निखारा बाहेर न्या!”

ती तशीच, तोंड उघडं ठेवून, माझ्याकडे बघत राहिली. समजावत बसायला सवड नव्हती. कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलली आणि मी अख्खी चुलीवर रिती केली. काटक्या तरंगल्या, सारवण वाहिलं, अर्धं पाणी सखूबाईच्या पायांवर गेलं. मग तिच्या हातातला चिमटा ओढून घेतला आणि निखारा अंगणात लांब भिरकावला.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“चुलीवर पानी वतलं! नवरात्र तोंडावर आलंय आन् माझ्या घरच्या चुलीवर पानी! आवं, वैरी बी आसं करत न्हाई! तुमच्या घरात हीच रीत हाय व्हय?”

मागून धोंडिबा आला. त्यानं चूल पाहिली, बायको पाहिली, माझ्या हातातली रिकामी घागर पाहिली. “सायब,” तो म्हणाला, “तुमी शिकल्याली मानसं. पर ह्ये बरं न्हाई केलं.” त्याचा आवाज एवढा थंड मी कधी ऐकला नव्हता. त्या पाण्यानं झालेला अपमान त्या दोघांच्या डोळ्यांत दिसत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अणू, हात, इलेक्ट्रॉन यातलं काय सांगणार होतो मी त्यांना? ‘त्यात स्फोटक आहे’ म्हटलं असतं तर सायबाला भूतबाधा झाली म्हणाले असते.

खिडकीत करवंटी होती. तिच्या तळाला अजून ओला गोळा होता. आणि बाहेर, पायरीवर, कौलाचा एक तुकडा उन्हात ठेवलेला होता. रंग कसा दिसतो ते बघायला सखूबाईनं त्यावर बोट ओढलं होतं. ती रेघ पार वाळली होती. बोटाच्या एका पेराएवढी असेल.

करवंटीत पाणी भरलं. मग कौलाचा तुकडा दोन्ही हातांनी, श्वास रोखून, अंगणापलीकडच्या कातळावर नेऊन ठेवला. दोघांना कुंपणाच्या दगडी गडग्यामागे बसवलं.

“आता त्या कौलावर दगड मारायचा.”

मी मारला. चुकला. दुसराही चुकला. सखूबाई एवढ्या रागातही तोंडाला पदर लावून हसली. धोंडिबानं मला बाजूला सारलं. “सरा तिकडं. उगं दगडं वाया घालवू नगा.” शेतातली पाखरं हाकून तयार झालेला हात तो. त्यानं नेम धरला.

कड्‌कन आवाज झाला. दरीतून तो परत फिरून आला. झाडावरचे कावळे ओरडत उठले. कौलाचा तुकडा जागेवर नव्हता. एक कपची गडग्यावर येऊन आदळली.

सखूबाई हळूहळू वळली आणि आपल्या दाराकडे बघू लागली.

“मी तोंड खाली घालून फुकते की ओ,” ती म्हणाली. “चुलीच्या तोंडाशी. रोज.”

ती मटकन खाली बसली. धोंडिबा तिच्या शेजारी बसला आणि त्यानं, परक्या माणसासमोर, तिचा हात धरला. मीही बसलो.

मग तिनं विचारलं, “त्यात हाय तरी काय येवडं?”

“फुगडी खेळता ना तुम्ही?” मी म्हणालो. “दोघी हात घट्ट धरतात, मागं झुकतात, गरागरा फिरतात. जोर कुठं असतो?”

“हातात.”

“हां. ह्या भुकटीत अशाच दोघी आहेत, पण तीन-तीन हातांनी धरलेलं. नुसता धक्का लागायचा अवकाश.”

“म्हंजी हात सुटला की दोगी बी आपटत्यात. आन् बगनाऱ्याला बी घिऊन पडत्यात.” ती उठली. “मंग आदी आसं सांगायचं न्हाई व्हय? सांगितलं आसतं तर मीच वतलं आसतं पानी.”

बी. एस्सी.च्या परीक्षकांनीही माझी एवढी हजेरी घेतली नव्हती.

पुढचं काम सावकाशीचं होतं. चूल भिजवून भिजवून मऊ केली. मग मी एकट्यानं, हातानं, तिची ढेकळं सोडवली आणि माझ्या पेटीतल्या ॲसिडचं पातळ पाणी केलेल्या बादलीत सोडली. करवंटी, सळई, नळी यांचीही तीच गत. ॲसिड त्या भुकटीतलं तांबं काढून घेतं आणि हायड्रोजनला त्याची जागा परत देतं. बुडबुडे आले, लसणीसारखा वास सुटला. तोच गॅस होता, आता उघड्यावर निघून जात होता. आसपास विडीसुद्धा पेटवू दिली नाही, म्हणून धोंडिबा पुन्हा रुसला.

मग मी चप्पल काढली, धोतर वर खोचलं आणि नव्या चुलीची माती तुडवायला उतरलो. धोंडिबा नको नको म्हणत होता. सखूबाई मात्र माती नीट मळली गेली नाही तेव्हा, “टाचंनं दाबा, टाचंनं,” असं सांगत होती. चहा तीन दगडांवर झाला. तो मी दोनदा मागून घेतला.

लोणावळ्याच्या गोदामात जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी होती. ती वरून डांबर लावून बसवली. दुसऱ्या दिवशी शेठ आले. म्हातारीनं दिव्याखाली पोथी उघडली आणि धोंडिबाची नोकरी राहिली.

मुंबईला मॅनेजरसाहेबांसमोर उभा राहिलो.

“तांब्याची नळी? परवानगी कोणी दिली?”

“पावसानं, सर.”

“थट्टा नको. प्लँटवर सूचना लावलेल्या आहेत. तांबं वापरू नये, हे स्पष्ट लिहिलंय.”

“इंग्रजीत लिहिलंय, सर.”

“त्या माळ्याला काढायला सांगतो शेठना.”

“सांगा. नवा माळीही देवाचं पाणी तांब्यातच ठेवणार. नळी गंजू नये अशी आपण दिली असती, तर त्यानं तांबटाकडे फेरी मारली नसती.”

साहेबांनी वही पुढे ओढली. म्हणाले, “जस्ताच्या नळ्या किती लागतील?” कंपनीत यालाच माफी म्हणत.

त्या दिवसानंतर कुठल्याही बंगल्यावर गेलो की मी लगेच प्लँटच्या खोलीत शिरत नसे. आधी थेट माळ्याच्या स्वयंपाकघरात जायचो, वाकून चूल बघायचो, मग प्लँट. आमच्या पुस्तकांत गॅस कसा बनतो ते असतं. उरलेल्या गाळाचं बाई काय करते ते नसतं, आणि गरिबाच्या घरात काहीच वाया जात नाही. खंडाळ्यापासून लोणावळ्यापर्यंत बोलवा झाली, ग्यासवाला साहेब लय खादाड, आल्या आल्या चुलीशी जातो.

मी कधी खुलासा केला नाही. सखूबाईनंही नाही. मी दिसलो की ती आधी चुलीशेजारची पाण्याची घागर तेवढी उचलून माझ्या हाताला लागणार नाही अशी लांब ठेवी, आणि मग विचारी, “च्या ठिवू न्हवं, सायब?”