तीन पदरी वायर आणि केळीचे खांब

रविवार, १७ एप्रिल १९९४. सकाळी साडेसात. सावद्याजवळच्या आमच्या गावी, घरापुढचं अंगण.

हजर: आबा, म्हणजे माझे सासरे. माझे यजमान, खुर्चीवर, मत न देता. गॅरेजचे मिस्त्री. यावलकडून आलेलं गिऱ्हाईक, एक. मोटारसायकल, एक. मी.

गैरहजर: सासूबाई. लग्नाला गेलेल्या.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. वही ठेवायची सवय धुळ्याच्या आयटीआयमध्ये लागली. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला, तेव्हा वर्गात आम्ही दोघी मुली होतो आणि आमचे सर म्हणायचे, बिघाड आधी लिहा, मग हात लावा. दुसरी मुलगी पुढे शिक्षिका झाली. मी लग्न होऊन केळीच्या मुलखात आले आणि वर्षभरात सावद्याच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात दुरुस्तीचं टेबल मिळवलं. दुकानदाराची अट एकच होती: नऊ वाजता टेबलावर माणूस दिसलं पाहिजे. आमच्या गावाहून पहिली एसटी साडेदहाला होती.

म्हणून मोटारसायकल. ती यजमानांच्या नावावर होती, पण ते वरणगावला फॅक्टरीत, आठवडाभर तिकडेच राहायचे आणि रविवारी यायचे. गाडी चालवायला मी लग्नाआधीच शिकले होते, वडिलांच्या मागे लागून, धुळ्याच्या एका मोकळ्या मैदानावर. पंजाबी ड्रेस घालून गाडीवर निघाले तेव्हा गाव सहा महिने बोललं. मग गावाला कंटाळा आला.

गाडी फिरायला लागल्यावर घरातली इतर कामंही आपोआप तिच्याकडे आली. आबांच्या गोळ्या आणणं, पंपाच्या मोटारीचं सामान आणणं आणि खांब पोचवणं. आजूबाजूच्या पाच गावांत कुठेही लग्न किंवा सत्यनारायण असला की मांडवाला बांधायचे केळीचे खांब आमच्या मळ्यातून जात. फुकट. आबांच्या वडिलांपासूनची ही रीत. पूर्वी बैलगाडी जुंपावी लागायची, आता मी होते. दोन खांब टाकीवर आडवे टाकायचे, दोरीनं आवळायचे आणि निघायचं. कुठे खांब गेले ते आबा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवत. त्या रविवारच्या आधीचे खांब गुरुवारी गेले होते.

दिवाळीपासून गाडी बंद पडू लागली. चालता चालता दम सोडायची. किक मारून मारून पायाला गोळे यायचे आणि तासाभरानं आपणहून सुरू व्हायची. सीटखाली एक काळी डबी असते, ठिणगी कधी पडायची ते ती ठरवते. मिस्त्रींनी ती डबी दोनदा बदलली. बदलली की गाडी पळायची, काही दिवसांनी पुन्हा थांबायची. एप्रिलपर्यंत असं आठदा झालं. मग मिस्त्रींनी आबांना सांगितलं, ही गाडी आतून गेली, हिचं आता काही होत नाही, काढून टाका. आबांनी गिऱ्हाईक पाहिलं, रविवार ठरवला आणि मंगळवारी जेवताना मला कळवलं.

"इकून टाकू फटफटी. बाईमाणसाले काय करायची? रेडिओ घरीच दुरुस्त करत जाय."

"घरी कोण आणणार रेडिओ, आबा?"

"मंग नको करू."

ते उठून हात धुवायला गेले. मी ताटातलं संपवलं. गाडी गेली की टेबल जाणार, आणि टेबल गेलं की परत मिळणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. रविवारला पाच दिवस होते. मी वही उघडली.

मला डबीवर शंका नव्हतीच. डबी बदलताना मिस्त्री टाकीखालचा वायरींचा प्लास्टिकचा जोड ओढायचे, हलवायचे, पुन्हा दाबायचे. गाडी त्या हलवण्यानं सुरू होत असेल तर? हे मी त्यांना पूर्वीच विचारलं होतं. ते हसले होते.

"वहिनी, रेडिओ वेगळा, इंजिन वेगळं. इंजिनात गाणं लागत नाही."

अडचण अशी होती की उभ्या गाडीवर कधी काही सापडायचं नाही. बिघाड चालत्या गाडीत यायचा आणि थांबून बघेपर्यंत लपायचा. म्हणजे चालत्या गाडीत कुणीतरी आत डोळा ठेवून बसायला हवं होतं. तो डोळा मी बनवला.

सामान: लाइन टेस्टरमधले छोटे निऑन दिवे, दोन. शिवणाच्या टाचण्या, दोन. बारीक वायर, तीन रंगांची. फोटोच्या रोलची काळी डबी, कारण निऑनचा उजेड उन्हात दिसत नाही. टेस्टरपैकी एक माझा होता. दुसरा आबांचा, पंपाच्या खोलीतला. तो मी न विचारता फोडला. वहीत तसंच लिहिलं आहे.

इंजिन फिरलं की एका वायरीतून सीटखालच्या डबीकडे वीज जाते. त्या वायरीला एक टाचणी जोडाच्या आधी टोचायची, एक जोडाच्या नंतर. प्रत्येक टाचणीला एक वायर, तिसरी वायर गाडीच्या लोखंडाला. तिन्ही वायरी वेणीसारख्या घातल्या, म्हणजे गुंतणार नाहीत, आणि मागच्या सीटपर्यंत पोचतील इतक्या लांब ठेवल्या. वेणीच्या टोकाला रोलच्या डबीच्या तळाशी दोन दिवे, वर आणि खाली. वरचा जोडाच्या आधीचा, खालचा नंतरचा. दोन्ही लागले तर वीज पार जाते आहे. वरचा लागला आणि खालचा विझला, तर चोर जोडात बसला आहे. शनिवारी दुपारी अंगणात गाडी सुरू करून पाहिली. दोन्ही दिवे लागले. गाडी बंद काही पडली नाही, अर्थातच.

रविवारी गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत होतं, टायर दाबत होतं. मी बाहेर आले आणि म्हटलं, विकण्याआधी पाटाच्या रस्त्यानं एक फेरी होईल. मागे कुणीतरी ही डबी डोळ्याला लावून बसायचं.

मिस्त्री म्हणाले, "मी? तुमच्या मागं?" आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसले.

यजमान म्हणाले, "मी यात पडत नाही."

मला रागात माहेरची बोली येते. "गाडी चांगली शे," मी म्हटलं, "बठ्ठास्ना समोर दखाडसू." सगळ्यांसमोर दाखवीन, हे आबांकडे बघून म्हटलं, कारण निर्णय त्यांचा होता.

आबा उठले. टोपी घट्ट केली, धोतर सावरलं. "ह्या पोरीचं समाधान करू एकडाव," असं म्हणून मागे बसले. डबी हातात घेतली, उलटी डोळ्याला लावली, मग सुलटी. मारुतीच्या पारावर बसलेली माणसं आम्ही जाताना उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "आबा, पडसान!"

"तू तुयं पाह्य!" आबा डबीतून डोळा न काढता ओरडले.

पाटाच्या रस्त्याला लागलो. मी विचारत होते, ते सांगत होते.

"किती लागलेत?"

"दोन्ही."

"आता?"

"दोन्ही हायेत. सारखं सारखं काय इचारते?"

दोन किलोमीटर झाले. ऊन चढत होतं. गाडी इतकी गोड चालत होती की मला रडू यायचं बाकी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी बंद पडावी म्हणून देव आठवत होते. पुलाच्या उतारावर तिनं एकदम दम सोडला. मी गिअर काढला नाही, उतारावर इंजिन फिरत राहिलं.

"आबा, दिवे!"

"एक इझला व!"

"कोणता?"

"खालचा! वरचा तं आजून मोठा झाला!"

गाडी कडेला घेतली. सीट काढली, टाकीचा बोल्ट सोडला, टाकी उचलून टेकवली. जोड वरून स्वच्छ दिसत होता. तो ओढून दोन तुकडे केले आणि आबांसमोर धरला. आतल्या पितळी पट्ट्यांवर काळा, चकाकता थर बसला होता. जळल्याचा नव्हता, गंजही नव्हता. मला तो ओळखता येईना.

आबांनी बोटानं खरवडला. दोन बोटांत चोळला. मग आपल्या सदऱ्याची बाही पुढे ओढून तिच्यावरच्या जुन्या तपकिरी डागाशी धरला. चाळीस वर्षं ते डाग त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर होते, साबणानं न जाणारे.

"हा तं केयीचा चीक हाये," ते म्हणाले.

खांबाचं कापलेलं टोक टाकीच्या कडेवर यायचं. तिथून चीक थेंब थेंब खाली जोडात जायचा. ओला असताना काही होत नसे. दोन-तीन दिवसांनी तो वाळायचा आणि पितळेला पितळ नीट लागू द्यायचा नाही. इंजिन तापलं की जोड किंचित फाकायचा, गार झालं की पुन्हा टेकायचा. मी पिशवीतून वही काढली आणि गाडी बंद पडल्याचे दिवस वाचले. आबांना कॅलेंडर पाठ होतं. मी दिवस म्हणायचे, ते गाव म्हणायचे. आठपैकी सात जुळले. आठव्या वेळी पेट्रोल संपलं होतं, ते मी तिथंच कबूल केलं.

जोड ब्लेडनं खरवडला, पेट्रोलनं पुसला, दाबला. पहिल्या किकला गाडी सुरू. परत येताना आबांनी डबी डोळ्याला लावलीच होती, गरज नसताना.

अंगणात उतरल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि गाडी देत नाही म्हणून सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "डबीच नाजूक असते हिची. आज चालली म्हणून काय झालं." आबांनी कपबशा गोळा केल्या. आपणच पुण्य म्हणून पाठवलेले खांब गाडी बंद पाडत होते, हे चारचौघांत म्हणायला त्यांची जीभ उचलेना. मला त्यांनी आत येऊन सांगितलं, "खांब तं जातीनच."

"जातील," मी म्हटलं, "टाकीवरून नाही. मागच्या कॅरिअरवर, कापलेलं टोक खताच्या गोणीत बांधून. नाही तर बैलगाडी जुंपा."

"मांडवाचे खांब गोणीत?"

"टोक फक्त."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओसरीवर दोन खांब तयार होते. टोकांना गोणी त्यांनीच बांधली होती, माझ्यापेक्षा घट्ट. मी सोमवारीही नऊला टेबलावर होते आणि पुढे बारा वर्षं होते.

पावसाळ्यात मिस्त्री टेबलाशी आले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "वहिनी, ते तुमचं दिव्यांचं... मलेबी एक करून द्या ना. तीन गाड्या आल्या तशाच."

मी म्हटलं, एका दिवसात देते. फक्त आबांसमोर एकदा म्हणा की सीटखालची डबी चांगली होती, दोन्ही वेळा. ते हो म्हणाले आणि गेले.

आता त्यांच्या गॅरेजात त्यांचा मुलगा नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना केबल जोडतो आणि बिघाड पडद्यावर वाचतो. आबा नव्वदीला आले आहेत, ऐकू कमी येतं, पण समोर बसून कुणी बोललं तर सगळं कळतं. मिस्त्री आमच्या घरावरून रोज जातात. हात करतात. थांबत नाहीत.

दोन निऑन दिवे, दोन टाचण्या आणि तीन रंगांची वायर मी तेव्हाच एका पाकिटात घालून ठेवली. ते पाकीट वहीतच आहे. त्या पानावर बाकी सगळ्या कामांपुढे बरोबरची खूण आहे. एका ओळीपुढे नाही: मिस्त्रींना दिव्यांची वायर करून देणे.