चढणीची गाडी

नलिनी तावडेने एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं, तेव्हा तिच्या दिंडोशीच्या सोसायटीत पेढे कुणी मागितले नाहीत, सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. मार्केटपर्यंत ठीक आहे हो, घाटात वगैरे नको.

तिला घाटातच जायचं होतं.

नवरा दशरथ जन्मभर एका साहेबांची गाडी चालवायचा. पुढे स्वतःची घेतली, तरी सवय तीच राहिली. निघायचं आणि पोचायचं. एका सप्टेंबरात माळशेज घाटात कारवी फुललेली होती, सगळा उतार जांभळा. "थांबवा ना जरा," ती म्हणाली होती. "घाटात थांबत नाहीत. डोंगर तर आहे, बघायचंय काय?" म्हणत त्याने गिअर बदलला. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. पुढच्या फुलोऱ्याला ती पालिकेच्या प्रसूतिगृहात आयाच्या ड्युटीवर होती. आणि यंदा पुन्हा फुलली, तर दशरथला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आई, वेड लागलंय का तुला?" मुलगा निलेश ओरडला. "हायवेचा ट्रॅफिक बघितलायस? काही झालं तर लोक मला विचारतील."

नलिनी चिडली की मालवणीवर यायची. "माका खंय जावचा ता मीच ठरवतलंय. लोकांका सांग, माझ्या आवशीक विचारा."

रविवारी उजाडताना ती खाली उतरली, तर सून श्वेता थर्मास घेऊन गाडीपाशी उभी. "मी पण येते, आई. त्यांना सांगितलं नाहीये." नलिनीने दार उघडून दिलं.

कल्याण गेलं, मुरबाड गेलं, आणि भातखाचरांच्या मागे कडे उभे राहिले. घाट सुरू झाला तसा नलिनीने गिअर खाली घेतला. बोगद्याच्या पुढे एका वळणावर दरड पडली होती. रस्ता निम्मा ढिगाऱ्याखाली, एकच गाडी जाईल एवढी जागा. ती अर्ध्यावर आली आणि वरून एक पांढरी मोठी गाडी दिवे मारत आत घुसली. दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या. पंचविशीचा एक जण उतरून आला.

"मावशी, रिव्हर्स घ्या. नसेल जमत तर उतरा, मी काढून देतो."

"मी चढताना दिसले नाही तुला?"

"दिसलात, पण तुम्ही हळू..."

"घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. लायसन्स काढताना कुणी सांगितलं नाही?"

तो हसला. मागे वळून मित्रांकडे बघत म्हणाला, "टाइमपास आहे यार."

नलिनीने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि श्वेताकडे चहा मागितला.

"आई, घेऊ या ना मागे," श्वेता हळूच म्हणाली. "हट्ट कशाला?"

"मला रिव्हर्स येतो गं. येतो म्हणूनच घेणार नाही."

बत्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेल्या बाईला कुणी आरडाओरडा केला म्हणून घाम फुटत नाही. वरची गाडी हॉर्न वाजवत राहिली, ही चहा पीत राहिली. तेवढ्यात खालून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ओ दादा, ताई बरोबर आहेत. तू घे मागे."

घेतली त्याने. दोनदा चाक ढिगाऱ्यावर चढलं, तिसऱ्यांदा सरळ झाली.

आता खरी परीक्षा होती. उभ्या चढावर थांबलेली गाडी काढायची, उजवीकडे दरी. नलिनीने क्लच अर्ध्यावर धरला. हँडब्रेक सोडला तशी गाडी वीतभर मागे गेली. श्वेताने डोळे मिटले. मग इंजिनाने जोर धरला आणि गाडी वर निघाली. त्या मुलाच्या बाजूने जाताना नलिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

माथ्यावर रुंद जागा बघून तिने गाडी थांबवली. कारवी डोक्याच्या वर गेलेली, दांड्यादांड्याला जांभळ्या घंटा, आणि मधमाश्यांचा एकसारखा आवाज. खाली दरीत पडणारं पाणी वारा उचलून पुन्हा वर फेकत होता, त्याचे थेंब तोंडावर येत होते. नलिनीने एक पान चोळलं. किती खरबरीत! गाडीच्या काचेतून हे कधी कळलंच नव्हतं. ती तिथे तासभर उभी राहिली. श्वेताने घाई केली नाही.

घरी निलेश दारातच होता. "गाडी विकून टाकतो मी."

"माझ्या नावावर आहे. विकणारा तू कोण?"

तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "परत जायचं असेल तर मी चालवतो. तू आरामात बस बाजूला."

"तुला यायचं असेल तर ये," नलिनी त्याला भात वाढत म्हणाली. "मागे बस. पुढे श्वेता बसते."