दोन्ही काठांची यादी

आमच्या शाळेतले गणिताचे सर मारायचे, ते बघण्यासारखं असायचं, हे मी आज कबूल करतो. बांबूची छडी हवेत दोनदा फिरवायची, तिसऱ्यांदा खाली आणायची. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवायचो. मधल्या पातळ भिंतीतून आवाज आला की मी खडू हवेत फिरवून त्यांची नक्कल करी. माझा वर्ग हसायचा. पलीकडे कोणीतरी रडत असायचं.

सर गोदावरीपलीकडून, तेलंगणातून आले होते. सिरोंचात हे कोणाला खटकत नाही. अर्ध्या गावाचे सोयरे तिकडेच आहेत. शिवाय गणिताला माणूस मिळत नव्हता. तिकडची शाळा का सोडली, हे संस्थेने विचारलं नाही. आम्हीही नाही.

मग एका दुपारी छडीऐवजी धप्प असा आवाज आला. मी दारात गेलो. सातवीतली एक मुलगी बाकावर वाकली होती. डाव्या कानातून रक्त ओघळून कॉलरवर उतरत होतं. फळा पुसायचं लाकडी डस्टर तिच्या पायाशी पडलं होतं, त्याचा एक कोपरा लाल झाला होता.

"फार लागलं नाही," सर म्हणाले.

तिची आई नदीकाठी मासे विकते. चार दिवसांनी ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"डाक्टर म्हन्ते, त्या कानानं तिले आता आयकू येनार नाई. तुमी पायलं ना, मास्तर?"

"पाहिलं, बाई."

"माही बहीन पलीकडं रायते. तिथी यानं एका पोराचा हात मोडला, म्हनून काढलं त्याले. तिथून काढलं तं इथी आला. इथून काढलं तं अजून कुठी जाईन. मले तो कोन्याच काठावर मास्तर म्हनून नाई पायजे."

नेमकी याच कामासाठी, सर इकडे आल्यानंतर, आमची समिती निघाली होती, आणि ती काढण्यात सगळ्यांत पुढे मी होतो. तीन शिक्षक इकडचे, तीन तिकडचे, दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांची संमती. ज्याला शिकवण्यातून काढलं त्याचं नाव दोन्ही काठांच्या यादीत लावायचं, म्हणजे पूल ओलांडून तो पुन्हा वर्गात शिरणार नाही. नियम मी लिहिले होते, अगदी झोकात. त्यातला एक असा: साक्ष देणाऱ्या शिक्षकाने आधी लिहून द्यावं, की आपण स्वतः कधी विद्यार्थ्यावर हात उचललेला नाही. हा नियम मी वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारे हात कसले, याचा विचार कोणी केला नव्हता.

सुनावणी पलीकडच्या शाळेत होती. अध्यक्ष तिथल्या मुख्याध्यापिका. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझं पेन तिथेच अडलं. आदल्या वर्षी मी एका मुलाच्या अशी थोबाडीत मारली होती की तो बाकाच्या कडेवर आपटला आणि त्याचा ओठ फाटला.

गणिताचे सर गोड हसले. "लिहा की, सर. कधीच नाही, असं लिहा."

मी समितीकडे पाहिलं. एकजण पंख्याकडे बघत होता, दुसरा नखांकडे. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसायला घेतला.

"काऊन थांबले?" मुलीच्या आईने मागून विचारलं. मी अडचण सांगितली.

"म्हंजे ज्यानं मारलं नाई, त्यानंच सांगावं? असा मास्तर गावला तं मले बी दाखवा. तुमी तुमचं बी लिवा अन् त्याचं बी लिवा."

मी लिहिलं. आधी माझं: मुलाचं नाव, फाटलेला ओठ, बाकाची कड. मग सरांचं. मोठ्याने वाचून दाखवलं. डस्टरपर्यंत आलो तोच सर उठले आणि त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की हॉल एका बाजूला कलला. तोंडात खारट चव आली. मी त्यांची कॉलर धरली आणि डोकं त्यांच्या नाकावर हाणलं. सरांना आवरायला आमचे दोघे धावले, मला ओढायला तिकडचे दोघे, आणि मिनिटभरात कोण कोणाला मारतंय हे कळेनासं झालं. खुर्ची मोडली. मारकुट्या शिक्षकांना आळा घालायला जमलेली समिती एकमेकांचे शर्ट फाडत होती.

मुख्याध्यापिकांनी टेबलावर पट्टी आपटली. "कूर्चोंडि," त्या तेलुगूत म्हणाल्या, वर्गात मुलांना बसवावं त्या आवाजात. आम्ही सगळे बसलो, नाक धरलेले सरही. मुलीची आई जागची हललीसुद्धा नव्हती.

निकाल त्याच दिवशी लागला. सरांचं नाव दोन्ही काठांच्या यादीत, कायमचं. माझंही नाव, एका वर्षासाठी.

"रूल आपनेही लिखा है, सर," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

आमच्या शाळेच्या दारावर यादी लागली तेव्हा मी कपाट रिकामं करत होतो. मुलीला घेऊन तिची आई आली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. ती मुलीच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"पयलं नाव कोनाचं?"

"गणिताच्या सरांचं."

"अन् दुसरं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं.

"माझं, बाई," मी म्हणालो.

"बराबर हाये," ती म्हणाली, आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "जाय आता वर्गात."