डॉल्फिन शो रद्द केला

मंडळी, आज सकाळी आमच्या एचएसआर लेआउट वस्तीतल्या सोसायटीच्या पूलवर, लेकीला पोहायला शिकवणाऱ्या अण्णांना मी कौतुकानं सांगितलं की सुट्टीत आम्ही परदेशात डॉल्फिन शो बघणार आहोत.

अण्णा कारवारच्या मच्छीमार घरातले. म्हणाले, "डॉल्फिन दिसले की माझे वडील होडीचं इंजिन बंद करायचे. डॉल्फिन पुढे गेले की मगच आम्ही निघायचो." मग पूलच्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "अक्का, शोमधला डॉल्फिन पुढे कुठे जाणार?"

लेक म्हणाली, "आई, मग कारवारला जाऊ या."

"आणि तिथे दिसले नाहीत तर?" मी विचारलं.

"तर नाही दिसले."

घरी येऊन बुकिंग रद्द केलं. अण्णा, मनापासून आभार.

तुम्हाला कधी कुणी असं, न रागावता, थांबवलंय का?