शेवाळ पांघरलेला खेकडा

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना बाबांचा निळा चौकड्यांचा शर्ट हाती लागला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी थेट गोराईच्या खडकांवर पोचले.

बाबा वारले त्याच वर्षी आई मला तिथं ओहोटीला घेऊन गेली होती. डबक्यातलं शेवाळ अचानक चालायला लागलं. नीट बघितलं, तर खाली खेकडा. नांगीनं शेवाळाचे तुकडे तोडून तो सावकाश स्वतःच्या पाठीवर चिकटवत होता.

"आई, काढून बघू का गं?"

"राहू दे. लपायला तेवढंच आहे त्याच्याकडे."

तिनं साडीवर हाच शर्ट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. बाबांचे बाकीचे कपडे तेराव्यालाच देऊन टाकले होते. हा कशाला घातलास विचारलं, तर म्हणाली, "ऊन लागतं गं." मला ते पटलंही. आभाळ भरून आलंय, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

शर्ट अंगात चढवून मी उरलेलं कपाट आवरायला घेतलं. बाहेर दिवे लागले होते. मुलगी दारात येऊन म्हणाली, "मम्मी, एवढ्या उकाड्यात हे काय घातलंयस?"

"ऊन लागतं गं," मी म्हटलं.