बॉनेटखालचा नैवेद्य

दसऱ्याला आमच्या इमारतीतले लोक गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी हातभर पुढे घेतात आणि सोनं वाटायला निघतात. आमच्या आईचं तेवढ्यावर भागत नाही. ती कळवणकडच्या शेतकरी घरातली. तिकडे विहिरीवरच्या मोटारीची पूजा मोटारीला हात लावूनच व्हायची. म्हणून तिने मला बॉनेट उघडायला लावलं.

"वरनं कुंकू लावून काय उपेग? राबतं ते आतलं," ती म्हणाली. इंजिनाला हळदकुंकू लागलं, अक्षता पडल्या, गूळखोबऱ्याचा नैवेद्य बॅटरीशेजारच्या सपाट जागेवर ठेवला गेला. मी बॉनेट बंद केलं आणि विसरून गेलो.

पुढच्या आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

एरवी मी तो निवांत तपासला असता. पण कळवणला मावशी घसरून पडली होती, अंथरुणावरून उठत नव्हती, आणि रविवारी आईला तिच्याकडे न्यायचं ठरलं होतं. गुडघ्यांमुळे आईला एसटीची पायरी चढता येत नाही. गाडी हाच एक उपाय.

शेजारच्या सीटवरून आईने दिवा पाहिला. "माझ्याच हातून पूजेत कायतरी चुकलं," एवढं बोलली. घरी येऊन तिने मावशीसाठी केलेला लाडवांचा डबा पिशवीतून काढून पुन्हा फळीवर ठेवला. "आता या गाडीनं तिच्याकडं जाणं नको. आधीच ती पडलीय."

"अहो आई, दिवा गाडीला लागलाय, मावशींना नाही," बायको म्हणाली.

नेहमीच्या मेस्त्रीने स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड निघाला ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा. हा सेन्सर सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो सांगतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. मात्र तापल्याशिवाय तो नीट सांगत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर असतो.

"सेन्सर बदलू, भाऊ. मागवावा लागेल. तोवर चालवा खुशाल, रस्त्यात काही थांबणार नाही," मेस्त्री म्हणाला.

"सर्किट म्हणजे तारही आली, फ्यूजही आला. सेन्सरच कशावरून?"

"मग मोजा की. तुमचं कामच ते," तो हसला.

ते खरं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात मी मालाची मापं तपासतो. मोजल्याशिवाय वस्तू नापास करणं मला जमत नाही.

शनिवारी सकाळी इंजिन थंड असताना मी सेन्सरचा कनेक्टर सोडवला. हीटरच्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतात. त्यांच्यामध्ये मीटर लावला, तर सहा ओहम. हीटर जळला असता तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. म्हणजे सेन्सरचा हीटर शाबूत होता. मग इंजिन सुरू करून गाडीकडून येणारा वीजपुरवठा पाहिला. फ्यूजपाशी चौदा व्होल्ट, कनेक्टरपाशी शून्य. बिघाड या दोन जागांच्या मध्येच कुठेतरी होता.

इंजिन बंद करून मी ती तार फ्यूजपासून हाताने चाचपत निघालो. बॅटरीच्या मागे तारेवरचं काळं प्लॅस्टिक कुरतडलेलं होतं आणि आतली तार तुटलेली. शेजारी उंदराच्या लेंड्या, कुंकवाने लाल झालेले चार तांदूळ आणि खोबऱ्याची साल.

तार सोलून जोडली, कथलाचा डाख दिला, वर प्लॅस्टिकची नळी चढवली. कनेक्टरपाशी चौदा व्होल्ट आले. मेस्त्रीने कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

आता आईला काय सांगायचं? पूजेमुळेच दिवा लागला, हे सांगितलं तर तिची भीती पक्की होईल असं मला वाटत होतं. नुसतं 'तार तुटली' म्हणणंही खोटं नव्हतं. तेवढंच म्हणालो.

"आपोआप कशी तुटंल?"

मग सगळंच सांगितलं. "उंदराने खाल्ली. तुझ्या खोबऱ्याला आला होता."

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "उंदीरच?"

"उंदीरच. दात उमटलेत, मी पाहिलेत."

"देवीचं काय नाय ना?"

"नाही."

"मग मेल्या, घाबरवलंस कशाला इतकं? उंदीर लय बघितले मी. धान्याच्या कणग्या फोडत्यात ते." तिने उठून डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

"पुढच्या दसऱ्याला खोबरं माझ्या हातावर द्या," बायको म्हणाली.

"इंजिनाला दाखवून मग देईन."

रविवारी आई पुढच्या सीटवर बसली. वणी मागे पडेपर्यंत तिची नजर डॅशबोर्डवरच होती. मग तिने पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली.

"तुझ्या मावशीला सांगायचंय मला. पयल्यापासनं सांग, कसं सापडलं?"

"आधी हीटर मोजला. सहा ओहम—"

"ते ऱ्हाऊ दे. उंदराचं सांग."